थोरल्या ताईंचं आमंत्रण

आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. आमच्या निनादच्या लग्नाची पत्रिका शेजारच्या केळशीकर काकांना मिळाली नाही. ती पोस्टात हरवली, असं मी त्यांना सांगितलं. ती हरवली नव्हती. ती माझ्या गाडीच्या कप्प्यात होती, आणि आज हे लिहितानाही तिथेच आहे, सर्व्हिसिंगच्या पुस्तकाखाली. बरं, आमच्या आणि काकांच्या घराची मधली भिंत एकच. भिंतीपलीकडच्या माणसाला पत्रिका पोस्टाने पाठवली म्हणणारा लंडनच्या ह्या पिनर उपनगरातला मी पहिलाच असेन. थाप मारायची तीसुद्धा मला धड जमली नाही.

आता काका कोण, ते सांगतो.

आमच्या रस्त्यावर प्रत्येक घरापुढे कौन्सिलचे कचऱ्याचे तीन बिन असतात. निळा रिसायकलिंगचा, ब्राउन बागेतल्या आणि किचनमधल्या ओल्या कचऱ्याचा, आणि काळा उरलेल्या सगळ्याचा. लोक त्यांवर घरनंबर लिहितात. काकांच्या तिन्ही बिनांवर पांढऱ्या रंगाने, वळणदार देवनागरीत, नावं लिहिलेली आहेत. निळ्यावर ‘हर्मीस’, ब्राउनवर ‘डिमीटर’ आणि काळ्यावर ‘हेडीस’.

आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात सकाळी सकाळी बेल वाजली. दारात स्वेटरवर टाय बांधलेले एक गृहस्थ.

“अहो शेजारी, तुम्ही केळ्याची सालं हेडीसमध्ये टाकलीत.”

मी म्हटलं, “कशात?”

“काळ्या बिनात हो. तिथे गेलेलं परत येत नाही. सालं डिमीटरबाईंना द्या. त्या वसंतात काहीतरी परत देतात.”

एवढं बोलून ते गेले. मी आत येऊन शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं, “शेजारी मराठी आहे.” ती म्हणाली, “वा!” मी म्हटलं, “थांब, लगेच वा म्हणू नकोस.”

विनायक केळशीकर मूळचे दापोलीकडचे. तरुणपणी लंडनला आले ते अकाउंट्स शिकायला. ते काही जमलं नाही, म्हणून एका मोठ्या म्युझियममध्ये राखणदाराची नोकरी धरली. खुर्चीवर बसायचं आणि लोकांना ‘हात लावू नका’ म्हणायचं. त्यांच्या वाट्याला आलं ग्रीक मूर्तींचं दालन. ‘दोन वर्षं काढू’ म्हणून बसले ते सत्तावीस वर्षांनी उठले. “पहिल्या दिवशी मला वाटलं, अपघात विभागात ड्यूटी लागली,” ते सांगायचे. “कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही. मग हळूहळू ओळखी झाल्या. नाकं गेली हो सगळ्यांची, पण तोरा कुणाचा गेला नाही.”

त्यांच्या बोलण्यात ती सगळी देवमंडळी म्हणजे जुन्या नोकरीतलं मोठं घराणं. झ्यूसचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. तो ‘मालक’. हेरा ‘मालकीणबाई’. पोसायडन ‘पाण्याचं बघणारे’. आणि ह्या घराण्याच्या भानगडी ते अशा सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे लोक शेजारच्या हॅरोला राहतात आणि काका कालच त्यांच्याकडे चहा पिऊन आलेत.

“मालक धाकटे, पण घरातले कर्ते. नाद मात्र वाईट. कधी हंस होऊन जायचे, कधी बैल होऊन, एकदा तर सोन्याचा पाऊस होऊन गेले. मालकीणबाईंचा रोज सकाळी एकच प्रश्न. आज काय होऊन बाहेर पडताय?”

कोणतीही बातमी सांगा, काका डोळे मिटून म्हणणार, “हे आमच्याकडे होऊन गेलंय.” समोरच्या घरातली बाई जिममधल्या मास्तरबरोबर निघून गेली, तेव्हा सगळा रस्ता आठवडाभर कुजबुजत होता. काका म्हणाले, “हे आमच्याकडे होऊन गेलंय. आमच्याकडे तर नवऱ्याने जाळं टाकून दोघांना पकडलं आणि बघायला सगळ्यांना बोलावलं. शेवटी लोक हसले कुणाला? नवऱ्यालाच. समोरच्या साहेबांना जाऊन सांगा, जाळं टाकू नका म्हणावं.” ते सांगायला मी गेलो नाही. काका स्वतः गेले. तो गोरा माणूस त्यानंतर दर रविवारी त्यांच्याकडे चहाला येऊ लागला.

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं तासभर मागे गेली, की काका एक डाळिंब घेऊन आमच्याकडे येत. चेहरा पडलेला. “मुलगी गेली हो सासरी. आता हीटिंग लावा.”

ही मुलगी म्हणजे डिमीटरबाईंची पर्सेफनी. पाताळातल्या हेडीसने तिला पळवून नेलं, तिथे तिने डाळिंबाचे चार-सहा दाणे खाल्ले, म्हणून वर्षातले काही महिने तिला सासरी राहावंच लागतं. आई म्हणजे पिकांची देवी, ती तेवढा काळ झुरते, शेतं वाळतात आणि तोच इथला हिवाळा. पुस्तकांमध्ये ह्याच्यावर बरंच काही लिहिलेलं असेल. काकांनी ते सासर-माहेरात बसवून टाकलं होतं. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की त्याच दारात, तोच टाय, पण आवाज खुललेला. “आली बरं का माहेरपणाला! बिल कमी येईल आता.”

त्यांच्या सुमनकाकू शांत होत्या. “ह्यांच्या मंडळींचं मला सांगू नका. माझ्याच माहेरची माणसं मला पुरेत,” म्हणायच्या आणि वाटीत चिवडा घालून द्यायच्या. मी आणि शुभदा दोघंही सिटीत नोकरीला, घरी यायला सात वाजायचे. आठ वर्षं निनादला शाळेतून आणलं ते ह्या दोघांनी. त्याचं मराठी, जेवढं आहे तेवढं, काकांच्या डायनिंग टेबलावर झालं. त्याबद्दल त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. ‘थँक यू’ म्हटलं तर विषय बदलायचे. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर काकांच्या तोंडी मंडळींचे उल्लेख जरा जास्तच येऊ लागले, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ लावायला मी थांबलो नाही.

मी कमी बोलणारा माणूस. बँकेत कंप्यूटर सिस्टिम सांभाळतो. तिथे कमी बोललेलं चालतं. काकांनी ओळखीतल्या प्रत्येकाला एकेक देव वाटून दिला होता. शुभदा म्हणजे अथीना. “बापाच्या डोक्यातून चिलखत घालूनच बाहेर आली.” शुभदाला ते अजून आवडतं. बॉयलर दुरुस्त करणारा पोलिश गृहस्थ हेफेस्टस, म्हणजे देवांचा लोहार. माझं काय, असं एकदा विचारलं तर माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, “तुमचं अजून ठरायचंय.”

ते ठरलं निनादच्या लग्नाच्या निमित्ताने.

आमची सून सई इथेच जन्मलेली, वॉटफर्डला वाढलेली. आईवडील दोघेही डॉक्टर. चांगली माणसं, पण मोजूनमापून बोलणारी. साखरपुडा आमच्या घरी होता आणि पाहुण्यांसमोर सगळं नीट व्हावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. जेवणं झाली, फ्रूट सॅलडच्या वाट्या फिरल्या. सईने पहिला चमचा तोंडाशी नेला, आणि काका खुर्चीवरून ताडकन उठले.

“थांब! चमचा खाली ठेव!”

सईची आई धावली. “काय झालं? नट्स आहेत का त्यात?”

“डाळिंब आहे,” काका म्हणाले. “पोरी, दाणे मोज आधी. जितके खाशील तितके महिने सासरी. हे आमच्याकडे होऊन गेलंय. नंतर तक्रार चालत नाही.” मग सईच्या आईकडे वळून, अगदी मायेने, “तुम्ही अगदी डिमीटरबाई हो. चेहऱ्यावरच दिसतंय. उगीच शेतं वाळवू नका. सहा महिने तुमच्याकडे, सहा इकडे, असा करार मी लिहून देतो.”

सई खळखळून हसली. निनाद म्हणाला, “काका इज जस्ट लाइक दॅट, डोंट वरी.” पण सईच्या आईला बाकीचं काही कळलं नाही, शेतं वाळवणारी बाई एवढंच कळलं. तिने वाटी खाली ठेवली. वडिलांनी मला खिडकीपाशी घेतलं आणि हळू विचारलं, “सॉरी, पण हे गृहस्थ तुमचे कोण?”

मी म्हणालो, “शेजारी आहेत. एकटेच असतात. आमचे तसे कोणी नाहीत.”

माझ्या पाठीमागे काचेच्या वाट्या किणकिणल्या. वळून पाहिलं तर काका उष्ट्या वाट्या गोळा करून किचनकडे निघाले होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं की नाही हे मला ठाऊक नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. ऐकलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ते फाउंटन पेन घेऊन आमच्याकडे आले. पाकिटांवर पत्ते लिहिण्याचं काम त्यांनी आधीच मागून घेतलं होतं, कारण मंडळाच्या गणपतीची आमंत्रणंही तेच लिहितात. आमंत्रण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात हे सर्वांना माहीत आहे. काकांचा नियम असा, की दुसरी पत्रिका ज्याची भीती वाटते त्याला.

“आमच्याकडे एक लग्न झालं,” पत्ते लिहिता लिहिता ते सांगत होते. “सगळ्या देवांना बोलावलं. फक्त एरिसबाईंना नाही. का, तर भांडकुदळ आहेत, चारचौघांत शोभणार नाहीत. बाई आल्या. दारातूनच एक सोन्याचं सफरचंद आत टाकलं, त्यावर लिहिलेलं, ‘सर्वांत सुंदर असेल तिला’. आणि गेल्या निघून. तीन देवींत जुंपली, त्यातून दहा वर्षं लढाई, गाव जळून खाक. शेजारी, त्यापेक्षा पत्रिका स्वस्त पडते.”

हे त्यांनी मला टोमणा म्हणून सांगितलं नसावं. ही गोष्ट ते प्रत्येक यादीच्या वेळी सांगतात. पण माझे कान तापले.

एकशे चाळीस पाकिटं लिहून झाली. एक कोरं उरलं. काकांनी ते गठ्ठ्याच्या वर ठेवलं, पेनाचं टोपण लावलं आणि उठले. स्वतःच्या पत्रिकेवर स्वतःचं नाव कोण लिहितो?

ते मी लिहिलं. शुभदा म्हणाली, “काकांना तू स्वतः जाऊन दे हं, अक्षत घेऊन. ते जुन्या वळणाचे आहेत, असंच बोलावलं तर यायचे नाहीत.” मी पत्रिका खिशात घातली. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत अकरा पावलं. मी गाडीत जाऊन बसलो. डोळ्यांसमोर वॉटफर्डचा हॉल, सईच्या वडिलांचे हॉस्पिटलमधले मित्र, आणि त्यांच्यात उभे राहून मालकांच्या बैल होण्याची हकीकत सांगणारे काका. एकच दिवस, मी मनाशी म्हटलं. एकाच दिवसाचा प्रश्न आहे. आणि कप्पा बंद केला.

शुभदाला सांगितलं, “दिली.” ती कुंपणावरून काकांना हाक मारून विचारायची, “काका, सूट काढला का बाहेर?” काका हसून म्हणायचे, “बघू, काय आज्ञा होते.” तिला ती थट्टा वाटायची. कुणाच्या आज्ञेची ते वाट बघत होते, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी, नोव्हेंबरअखेर, सकाळी घर तापवणारा बॉयलर बंद पडला. घर बर्फासारखं. “आल्यावर बघू,” म्हणत आम्ही निघालो. हॉलमध्ये मी आयुष्यात कधी घातला नव्हता असा फेटा घालून उभा होतो आणि नजर दाराकडे. काका येतील आणि दारातून काहीतरी टाकतील अशी मला खरोखर भीती वाटत होती. जेवणाच्या टेबलावर फळांची परडी ठेवली होती, तिच्यातलं एक सफरचंद घरंगळून माझ्या पायाशी आलं, तेव्हा मी असा दचकलो की फोटोग्राफरने तो क्षण टिपला. अल्बममध्ये तो फोटो आहे. सगळे विचारतात, हा कसला फोटो. मी सांगत नाही.

काका आले नाहीत. “सर्दी झालीय म्हणाले,” मी शुभदाला सांगितलं. हे दुसरं खोटं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास वरात, म्हणजे दोन गाड्या, पिनरकडे निघाली. अर्ध्या वाटेत शुभदा किंचाळली, “माप! अरे, माप विसरले मी! आता सई काय ओलांडून येणार?”

निनाद म्हणाला, “आई, मेजरिंग जग आहे ना किचनमध्ये?”

“गप्प बस. आणि घर गारठलेलं. पोरगी पहिल्यांदा घरात येणार ती कोट घालून?”

आम्ही दारात गाडी लावली. पोर्चमधला दिवा लागलेला होता. पायरीवर तांदळाच्या पिठाची छोटी रांगोळी, थोडी थरथरत्या हाताची. उंबऱ्यावर तांदळाने काठोकाठ भरलेलं जुनं पितळी माप. बाजूच्या स्टुलावर ताम्हन, हळदकुंकू, निरांजन, वात तुपात भिजवलेली, आणि काड्यापेटी. शुभदाने दार उघडलं, आणि आतून ऊब आली. ती ऊब अजून माझ्या चेहऱ्याला आठवते.

सईने माप ओलांडलं. तांदूळ आत सांडले. सगळे टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात मी किचनमध्ये गेलो. एक खुर्ची बॉयलरसमोर ओढलेली. ओट्यावर धुऊन पालथा घातलेला एक कप. आमच्या घराची किल्ली काकांकडे असते, ती बॉयलरशेजारच्या खिळ्याला टांगलेली, आणि खाली चिठ्ठी. एकशे चाळीस पाकिटांवर होतं तेच अक्षर.

“सकाळी भिंतीतून बॉयलरचा आवाज येईना म्हणून आलो. प्रेशर सारखं उतरतंय. दर तासाने वाढवत होतो. आता दीडवर आहे. उद्या हेफेस्टसला बोलवा. मुलगी सासरी येते आहे, घर थंड नको.”

म्हणजे मी ज्याच्यावर दार बंद केलं होतं, तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या घरात खुर्ची टाकून बसला होता आणि तासातासाला उठून माझं घर तापवत होता. आणि गाड्यांचा आवाज आल्यावर मागच्या दाराने निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि सई माप परत करायला गेलो. सोबत लाडवांचा डबा. काकांनी दार उघडलं. स्वेटर, टाय. मी पाठ करून आणलेलं वाक्य बोलून टाकलं. “काका, तुमची पत्रिका पोस्टाने टाकली होती. हरवली बहुतेक.”

काकांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि आवाज जराही न बदलता म्हणाले, “हर्मीसचं काम असंच. आमच्याकडे निरोप पोचवायचं खातं त्याच्याकडे, आणि थापा मारणाऱ्यांचं खातंही त्याच्याकडेच. पत्रिका कुठल्या खात्यात अडकली, ते आपण विचारू नये. बसा. चहा टाकतो.”

माझा देव ठरला होता. सईला गंमत वाटली. ती त्यांच्या मागोमाग किचनमध्ये गेली. “काका, मग तुमचा फेवरिट कोण आहे? झ्यूस?”

“छे छे. मालक लांबूनच बरे. आमच्या थोरल्या ताई. हेस्टिया.”

“हर स्टोरी काय आहे?”

“गोष्टच नाही तिची. घरातली सगळ्यांत मोठी. बापाने पोरं गिळली तेव्हा पहिली गिळली गेली आणि सगळ्यांत शेवटी बाहेर आली. बाकीचे जगभर उद्योग करत फिरतात, ताई घरात चुलीपाशी. विस्तव विझू देत नाही. आमच्या दालनात एक बसलेली बाई होती, डोकं नसलेली. ती ताई असावी असं काहीजण म्हणायचे, काहीजण नाही म्हणायचे. माझी खुर्ची तिच्यासमोर होती. मी तिलाच ताई मानलं. कुणीतरी मानायला हवं ना.”

“पण मग पार्टीला वगैरे तिला कुणी बोलवत नाही? सो सॅड.”

काका कपबशा मांडत होते. पाठ आमच्याकडे. “बोलावण्याचा प्रश्न येतो कुठे पोरी? ती घरातलीच असते.”

मी चहा संपवला. तो कसा होता ते सांगता येणार नाही. निघताना सईने माप त्यांच्यापुढे धरलं. काकांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने त्याची कड पुसली आणि परत तिच्या हातात दिलं. “राहू दे तुमच्याकडेच. तुमच्या काकूने ओलांडलं होतं हे, विलस्डनच्या भाड्याच्या खोलीत. इथे आता कोण ओलांडणार आहे?”

ह्याला तीन वर्षं झाली. सई आणि निनाद जवळच राहतात, आणि घरी आले की आधी काकांकडे जातात, मग आमच्याकडे. सईच्या आईने आपल्या बागेतली नाशपाती मागच्या वर्षी काकांना पाठवली, सोबत चिठ्ठी, ‘डिमीटरबाईंकडून’. मी एका दिवसासाठी ज्यांच्यापासून काकांना लपवलं, त्यांना काका समजायला फार वेळ लागला नाही. मला बावीस वर्षं लागली. त्या बावीस वर्षांत माझा मुलगा त्यांनी सांभाळला, माझं घर त्यांनी उबदार ठेवलं, आणि माझं खोटं त्यांनी एका देवाच्या नावावर टाकून मला त्याच्या ओझ्याखालून काढलं. इतकं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही.

येत्या रविवारी नातीचं बारसं आहे. काका पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेलेत, गुडघे दुखतात, पण पाकिटं लिहायला आले होते. ह्या वेळी तीस. एकतिसावं कोरं ठेवून, पेनाला टोपण लावून, उठून गेले. ते माझ्यासमोर टेबलावर आहे. शेजारी वाटीत अक्षता आहेत. गाडीतली जुनी पत्रिकाही मी काढून आणणार आहे.

केळशीकर काकांना मी दोन गोष्टी देणं लागतो. तीन वर्षांपूर्वी खिडकीपाशी जे बोललो ते खोटं होतं, हे त्यांच्या तोंडावर सांगणं, आणि त्यांच्या दारात जाऊन, हातावर अक्षत ठेवून, एक आमंत्रण. अकरा पावलं आहेत. दोन्ही अजून द्यायच्या राहिल्या आहेत.